मुक्या जिवाचे दुखणे : पांजरपोळापासून प्रयोगशाळेपर्यंत

नाशिकपासून सुमारे वीस किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गालगत आणि बाणगंगेच्या काठी वसलेले ओझर हे पूर्वापार शेतीचे आणि बाजारहाटाचे गाव. १९६४ साली येथे विमानांचा कारखाना आला आणि 'ओझर मिग' या नावाने गाव देशभर ओळखले जाऊ लागले. तथापि बाजारपेठेतील धान्य-किराण्याच्या दुकानांचे व्यवहार जुन्याच रीतीने चालू राहिले, आणि त्या दुकानांतून मांजर हा अलिखित हिशेबनीसही कायम राहिला. पोत्यांना उंदीर लागतात. उंदरांना विष घालणे जैन गृहस्थाच्या मनाला रुचत नाही. आणि मांजर ठेवावे तर त्याच्या हातून होणाऱ्या हिंसेचे काय, हा प्रश्न उरतोच. या पेचातून बहुतेक घरांनी काढलेला मार्ग फार साधा होता. मांजर कोणी विकत आणले नाही, कोणी पाळलेही नाही. ते आपणहून आले, राहिले आणि घरचे झाले.

असे घरचे झालेले मांजर एके दिवशी बशीला तोंड लावीत नाही. कोठीघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसते, हाक मारली तरी कान हलवीत नाही. पोट जरा फुगल्यासारखे दिसते, ताप उतरत नाही. पशुवैद्य तपासतात, रक्त घेतात, दोन दिवसांनी म्हणतात, "हे असू शकते, किंवा तेही असू शकते." घरातील मंडळींना या 'किंवा'चाच सर्वांत अधिक त्रास होतो. दुखणे भारी असले तरी त्याला नाव असेल तर माणूस कंबर कसतो. नाव नसलेल्या दुखण्याशी कसे वागावे हे कळत नाही. औषध चालू ठेवावे की थांबवावे, मुंबईस न्यावे की घरीच स्वस्थ राहू द्यावे, आणि कोणी सुचविले तर त्या शेवटच्या इंजेक्शनला हो म्हणावे की नाही, हे सारे प्रश्न एकाच वेळी उभे राहतात.

हे प्रश्न आजचे वाटले तरी त्यांच्यामागे चार-साडेचार शतकांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात जैन समाजाचा वाटा मोठा आहे.

खंभातचे दवाखाने

सोळाव्या शतकाच्या अखेरीस राल्फ फिच हा इंग्रज व्यापारी हिंदुस्थानात आला होता. गुजरातेतील खंभातबद्दल लिहिताना त्याने एक गोष्ट आवर्जून नोंदविली. या शहरात लंगड्या कुत्र्या-मांजरांसाठी आणि पक्ष्यांसाठी दवाखाने आहेत, आणि येथील लोक मुंग्यांनाही खाऊ घालतात. युरोपीय वाचकाला हे विलक्षण वाटणारच. परंतु आपल्या दृष्टीने त्या नोंदीतील महत्त्वाचा शब्द 'मांजर' हा आहे. गाय, बैल, घोडा यांची शुश्रूषा करण्यात उपयुक्ततेचा विचार असू शकतो. लंगड्या मांजराची शुश्रूषा करणाऱ्याला त्यातून काहीच मिळवायचे नसते.

१६२३ साली पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा इटालियन प्रवासी खंभातला गेला. त्याने पक्ष्यांचा दवाखाना आतून पाहिला आणि त्याचे वर्णन इतके बारकाईने केले आहे की वाचताना ती खोली डोळ्यांपुढे उभी राहते. आजारी, जखमी, जोडीदार गमावलेले असे नाना पक्षी तेथे होते. बरे झाले की रानपक्ष्यांना सोडून देत. तेथेच पोरके झालेले उंदराचे काही लहानसे जीव ठेवले होते. पांढऱ्या दाढीचा एक वृद्ध गृहस्थ, नाकावर चष्मा लावून, कापसात ठेवलेल्या त्या पिलांना पक्ष्याच्या पिसाने दूध पाजीत होता, कारण दुसरे काही खाण्याइतकी ती मोठी झालेली नव्हती. गुरांच्या दवाखान्यात तर चोरीच्या शिक्षेपायी दोन्ही हात तोडले गेलेला एक माणूसही जनावरांबरोबर सांभाळला जात होता. यानंतर सहा-सात दशकांनी जॉन ओव्हिंग्टन याने सुरतेतही अशीच व्यवस्था पाहिल्याचे लिहिले आहे.

या सर्व वर्णनांत एक गोष्ट मात्र कोठेही आढळत नाही, ती म्हणजे रोगाचे नाव. कोणाला काय झाले आहे याची चिकित्सा तेथे मुख्य नव्हती. चारा, पाणी, ऊब, निवारा आणि जवळ बसणारा माणूस एवढेच त्या दवाखान्यांचे भांडवल होते. आज 'सपोर्टिव्ह ट्रीटमेंट' म्हणून जे पशुवैद्य सांगतात ते याहून फारसे निराळे नाही, हे जाता जाता नमूद करण्यासारखे आहे.

शास्त्रग्रंथांत मांजर कोठे?

आपल्या देशात पशुचिकित्सेचे शास्त्र नव्हते असे नाही. शालिहोत्राच्या नावाशी निगडित असलेले अश्वशास्त्र, पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद, जयदत्ताचे अश्ववैद्यक हे ग्रंथ प्रसिद्ध आहेत. मात्र ही सारी राजदरबारची शास्त्रे. ज्या प्राण्यावर राज्याचे बळ अवलंबून, त्याचे दुखणे ग्रंथात आले. मांजराच्या दुखण्यासाठी स्वतंत्र ग्रंथ लिहावा असे कोणाला वाटले नाही.

या पार्श्वभूमीवर तेराव्या शतकातील जैन पंडित हंसदेव यांचा 'मृगपक्षिशास्त्र' हा संस्कृत ग्रंथ वेगळा उठून दिसतो. पशुपक्ष्यांचे प्रकार, स्वभाव, आयुर्मान यांचे निरीक्षण त्यात पद्यरूपाने केलेले आहे. महाराष्ट्राच्या दृष्टीने आनंदाची गोष्ट अशी की अरण्यऋषी म्हणून ओळखले गेलेले मारुती चितमपल्ली यांनी पंडित नरहरी भातखंडे यांच्यासह तो मराठीत आणला आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने तो प्रसिद्ध केला. हा चिकित्साग्रंथ नव्हे. परंतु रोगनिदानाची पहिली पायरी म्हणजे निरोगी प्राणी कसा वागतो हे ठाऊक असणे होय. ती पायरी या ग्रंथात आहे.

मुंबईची दंगल आणि मोतीशा शेठ

पांजरपोळाची गुजराती परंपरा मुंबईत आली ती एका दंगलीतून. मोकाट कुत्री मारणाऱ्यास बक्षीस देण्याची पद्धत इंग्रज अमदानीत मुंबईत होती. १८३२ च्या जून महिन्यात ही मोहीम लांबविली गेली आणि बक्षिसाच्या लोभाने घरांच्या आवारात शिरूनही कुत्री मारली जाऊ लागली, तेव्हा पारशी समाज प्रथम रस्त्यावर आला. हिंदू आणि जैन व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवून त्यांना साथ दिली. कोटातील व्यवहार ठप्प झाले. सरकारने दंगल मोडली. परंतु मारण्याऐवजी सांभाळण्याची सोय कोणी तरी केली पाहिजे, हा विचार त्यातून रुजला.

दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, मुंबई पांजरपोळाची स्थापना झाली. सर जमशेटजी जीजीभाई या पारशी दानशूराबरोबर या कार्यात अग्रभागी होते ते शेठ मोतीचंद अमीचंद, म्हणजेच जैन समाजाला परिचित असलेले मोतीशा शेठ. भायखळ्याचे आदीश्वर मंदिर आणि शत्रुंजयावरील मोतीशाची टूंक ही त्यांची स्मारके यात्रेकरूंना ठाऊक आहेतच. टूंकेच्या प्रतिष्ठेपूर्वी, १८३६ मध्ये, त्यांचे देहावसान झाले. व्यापाऱ्यांनी आपल्या मालाच्या उलाढालीवर स्वेच्छेने लागा बसवून पांजरपोळाचा खर्च उचलला. भुलेश्वरच्या भरवस्तीतील त्या आवारात सुरुवातीपासून मोकाट कुत्र्यांचा प्रश्न होता, आणि त्यांच्याबरोबर इतर निराधार जनावरेही आली.

नाशिक येथे १८७८ मध्ये पंचवटी पांजरपोळाची स्थापना झाली. येथील भर साहजिकच गोवंशावर राहिला. दुष्काळात शेतकऱ्याने सोडून दिलेली, म्हातारी झालेली, कसायाच्या हातून सोडविलेली गुरे हाच जिल्ह्यातील पांजरपोळाचा मुख्य आश्रित. मांजर घरोघरीच राहिले. मांजराला कळपात राहणे मानवत नाही हे त्यामागचे एक कारण असावे. आणि मांजर जागेला लळा लावते, माणसाला नव्हे, ही जुनी समजूतही असावी. आजारी मांजराच्या उशाशी रात्र काढलेली माणसे या समजुतीशी सहमत होणार नाहीत.

पांजरपोळांवर टीका झाली नाही असे नाही, आणि ती सर्वस्वी अन्यायाची होती असेही म्हणता येत नाही. करुणा होती, पण साथीच्या रोगाचे जनावर वेगळे ठेवण्याचे शास्त्र नव्हते. एकाच गोठ्यात धडधाकट आणि रोगी जनावरे राहिली की दयेच्या आवारातच रोग पसरे. बुळकांडी, घटसर्प, फऱ्या, लाळ्या खुरकूत ही नावे शेतकऱ्याला तोंडपाठ होती, परंतु त्यांची कारणे कोणालाच ठाऊक नव्हती.

परळ, पुणे आणि अमरावती

कारणे शोधण्याचे काम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाले. मुंबईत १८७४ मध्ये प्राणिक्लेश निवारण संस्था स्थापन झाली. सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळ येथे त्यांच्या पत्नी सकरबाई यांच्या नावाने जनावरांचे रुग्णालय उभे राहिले आणि त्याच्याच आश्रयाने १८८६ मध्ये मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पुण्यात १८८९ मध्ये स्थापन झालेली जीवाणूशास्त्रीय प्रयोगशाळा १८९३ मध्ये हिमालयातील मुक्तेश्वरला नेण्यात आली. आजच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेचे मूळ ते हेच. बुळकांडीसारख्या रोगाशी झुंजण्यासाठी हे सारे होते. त्या झुंजीला यश यायला शतकाहून अधिक काळ लागला. भारत २००६ मध्ये बुळकांडीमुक्त म्हणून मान्य झाला आणि २०११ मध्ये जगातूनच हा रोग नाहीसा झाल्याचे जाहीर करण्यात आले.

घोडा लष्कराचा, बैल शेतीचा, म्हणून त्यांचे रोग आधी. मांजर सरकारी कागदांत आले ते प्लेगमुळे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उद्भवला आणि पुढील काही वर्षांत महाराष्ट्राची गावेच्या गावे ओस पडली. उंदराचा संबंध लक्षात आल्यावर वऱ्हाडात अमरावती येथे कार्यरत असलेले लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्युकॅनन या डॉक्टरांनी गावोगावच्या मांजरांची पाहणी केली. जेथे मांजरे भरपूर तेथे प्लेग कमी, असे त्यांचे निरीक्षण होते आणि १९०८ मध्ये त्यांनी ते ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातून मांडले. मांजरे पाळा, हा त्यांचा उपाय. उंदरांना सापळे लावणे वा विष घालणे ज्यांना धर्मदृष्ट्या जड जात होते त्यांना हा उपाय काहीसा सोयीचा वाटला असल्यास नवल नाही. परंतु प्लेग मांजरालाही होतो, आणि असे मांजर माणसाला रोग देऊ शकते, हे नंतरच्या अभ्यासातून स्पष्ट झाले. रक्षक म्हणून गौरविलेल्या प्राण्याच्या स्वतःच्या आजाराकडे त्या वेळी फारसे कोणी पाहिले नव्हते.

साबरमतीचे वासरू

आजारी मुक्या प्राण्याविषयीचा सर्वांत मोठा जाहीर वाद या देशात १९२८ मध्ये झाला. त्याच्या दोन वर्षे आधी अहमदाबादचे जैन गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनी गिरणीच्या आवारातील साठ मोकाट कुत्री मारविली होती आणि गांधीजींनी त्यांची बाजू घेतल्याने जैन समाजात क्षोभ उसळला होताच. आता प्रसंग खुद्द साबरमती आश्रमात घडला. एक वासरू गंभीर दुखण्याने पडून होते. वेदनांमुळे त्याला कूस बदलवितानाही त्रास होई. डॉक्टरांनी आशा सोडली. आश्रमाच्या व्यवस्थापक मंडळात चर्चा झाली. जो जीव आपण देऊ शकत नाही तो घेण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे एका सदस्याने स्पष्टपणे मांडले. अखेर गांधीजींच्या समक्ष डॉक्टरांनी इंजेक्शन दिले आणि काही क्षणांत वासराचा अंत झाला.

गांधीजींनी हे लपविले नाही. 'नवजीवन'मध्ये त्यांनी स्वतः लिहिले आणि त्यानंतर पत्रांचा पाऊस पडला. त्यातील पुष्कळ पत्रे जैन वाचकांची होती, काही अत्यंत कठोर भाषेतील. टीकाकारांचा एक मुद्दा असा की जीवाचे आयुष्यकर्म त्याचे त्याने भोगायचे असते. मधेच तोडल्याने ते संपत नाही, आणि तोडणारा मात्र नवे कर्म बांधतो. दुसरा मुद्दा अधिक व्यावहारिक होता, आणि आज तोच अधिक बोचतो. वासरू वाचणारच नव्हते हे कशावरून? डॉक्टराचे निदान चुकू शकते. गांधीजींनी पुढे आपल्या भूमिकेला चार अटी घातल्या. रोग असाध्य असावा, सर्व संबंधितांनी आशा सोडलेली असावी, कोणत्याही सेवेने आराम पडणे शक्य नसावे आणि रोग्याला स्वतःची इच्छा सांगणे अशक्य असावे.

या चार अटी विचारपूर्वक घातलेल्या आहेत, हे मान्य करावे लागते. मात्र चौथी अट प्रत्येक मुक्या प्राण्याबाबत आपोआपच पुरी होते. दुसरी आणि तिसरी अट पहिलीवर उभी आहेत. आणि पहिली, म्हणजे असाध्यता, ही रोगाच्या अंगी असते की त्या काळच्या वैद्यकाच्या अंगी, हा प्रश्न १९२८ मध्ये कोणी विचारला नव्हता. त्याचे उत्तर पुढे मांजराच्याच एका रोगाने दिले.

एका रोगाची पंचावन्न वर्षे

१९६३ मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथील एका पशुरुग्णालयात जीन होल्झवर्थ या पशुवैद्य महिलेने मांजरांच्या एका विचित्र आजाराचे वर्णन केले. बहुधा तरुण मांजर, न उतरणारा ताप, झडत जाणारे शरीर आणि पोटात वा छातीत साठणारे पिवळसर, चिकट पाणी. या रोगाला 'फेलाइन इन्फेक्शियस पेरिटोनायटिस', संक्षेपाने एफआयपी, असे नाव पडले. कारण एक कोरोना विषाणू असल्याचे पुढे निष्पन्न झाले. पण येथूनच निदानाचा घोळ सुरू होतो. हा विषाणू असंख्य मांजरांच्या आतड्यांत निमूटपणे राहतो आणि बहुतेकांना काहीच करीत नाही. क्वचित एखाद्या मांजराच्या शरीरात तो रूप पालटतो आणि जीवघेणा होतो. रक्तातील प्रतिपिंडे तपासली तर विषाणूशी गाठ पडली होती एवढेच कळते. त्याने रूप पालटले की नाही हे कळत नाही. पोटात पाणी साठण्याची कारणे हृदय, यकृत, कर्करोग, क्षय अशी अनेक. पाणी न साठणाऱ्या प्रकारात तर डोळा किंवा मेंदू यांतील एखादेच लक्षण दिसते. म्हणून चांगला पशुवैद्यसुद्धा येथे 'असू शकते' असेच म्हणतो. ती त्याची टाळाटाळ नसते.

एक जुनी, स्वस्त चाचणी लहान गावातही होऊ शकते. काचनळीतील शुद्ध पाण्यात तीव्र ॲसिटिक आम्लाचा एक थेंब मिसळून वर पोटातील पाण्याचा थेंब सोडायचा. थेंब विरघळून गेला तर एफआयपी नसण्याची शक्यता बरीच मोठी. थेंबाने आपला आकार धरून ठेवला तर मात्र संशय वाढतो, खात्री होत नाही. रिव्हाल्टा चाचणी असे तिचे नाव.

पंचावन्न वर्षे हा रोग असाध्य मानला गेला. निदानाचा नुसता संशय आला तरी जगभर असंख्य मांजरांना चिरनिद्रेचे इंजेक्शन दिले गेले, आणि त्यात दयाबुद्धीच होती. २०१९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील नील्स पेडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'जीएस-४४१५२४' या द्रव्याच्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. नैसर्गिकरीत्या एफआयपी झालेली एकतीस मांजरे घेतली होती. सव्वीस मांजरांनी बारा आठवड्यांचा उपचार पुरा केला आणि अखेरीस पंचवीस मांजरे बरी राहिली. कोरोनाच्या साथीत घराघरांत पोचलेले रेमडेसिव्हिर हे याच द्रव्याचे भावंड. त्या औषधाच्या कंपनीने प्राण्यांसाठी परवाना न दिल्याने काही वर्षे मांजरांची औषधे चोरवाटेनेच मिळत. २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये आणि २०२४ मध्ये अमेरिकेत पशुवैद्याच्या चिठ्ठीवर ती मिळण्याचा कायदेशीर मार्ग खुला झाला. २०२३ मध्ये सायप्रस बेटावर या रोगाची साथ पसरली तेव्हा तेथील सरकारने माणसांसाठी साठविलेली कोरोनाची औषधे मांजरांसाठी खुली केली.

१९२८ च्या टीकाकारांना विषाणू ठाऊक नव्हता. पण निदान चुकू शकते, आणि आजचे 'असाध्य' उद्या तसे राहीलच असे नाही, ही त्यांची शंका या रोगाबाबत खरी ठरली. उलट बाजूही सांगितली पाहिजे. औषध सर्वांनाच लागू पडत नाही. बारा आठवड्यांचा, म्हणजे चौऱ्याऐंशी दिवसांचा, खर्च अनेक घरांना झेपत नाही. आणि काही मांजरे पहिल्याच आठवड्यात दगावतात. त्या घरांनी सेवेत कसूर केली असे कोणी समजू नये.

जवळची उदाहरणे

निदानाच्या अनिश्चिततेचा अनुभव महाराष्ट्राने नुकताच मोठ्या प्रमाणावर घेतला. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रातील तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. कारण लगेच कळले नाही. नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत गेले आणि जानेवारीच्या आरंभी उत्तर आले, ते बर्ड फ्लूचे. त्याच महिन्यात सीमेपलीकडच्या छिंदवाडा जिल्ह्यात घरची मांजरे ताप, सुस्ती आणि अन्नत्याग एवढ्याच लक्षणांनी दोन-तीन दिवसांत मरण पावली. तेथेही निदान तेच निघाले. आपल्या उत्तर महाराष्ट्राला हे नाव नवे नाही. २००६ च्या फेब्रुवारीत देशातील पहिला बर्ड फ्लू नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला आढळला, तेव्हाही आरंभी मानमोडीसारखा नेहमीचा राणीखेत रोग असावा असाच कयास होता. तोही भोपाळच्या अहवालानंतरच मिटला. तेव्हा मांजराने मेलेला पक्षी ओढून आणला असेल तर ती गोष्ट पशुवैद्यास प्रथम सांगावी. घरच्या मंडळींना ती क्षुल्लक वाटते आणि राहून जाते.

ताटाचा प्रश्न

जैन घरात आजारी मांजराबाबत आणखी एक प्रश्न निघतो आणि तो टाळून चालणार नाही. मांजर शुद्ध मांसाहारी प्राणी आहे. दूध-पोळीवर ते वर्षानुवर्षे राहिलेले दिसते, कारण बाकीचे ते बाहेर मिळवते. आजाराने घरात बसले की हे 'बाहेरचे' बंद होते. १९७५ मध्ये सिद्ध झाले की टॉरिन नावाचे द्रव्य आहारातून न मिळाल्यास मांजराची दृष्टी जाते. १९८७ मध्ये कळले की त्याच अभावाने हृदय फुगून ते मरते. तोवर हा हृदयरोग कारण न कळणारा म्हणून नोंदला जात होता. म्हणजे येथेही आधी निदान नव्हते, मग मिळाले. टॉरिन आता कारखान्यात कृत्रिमरीत्या तयार होते, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब; तरीही केवळ तेवढ्याने मांजराचा आहार पुरा होत नाही.

दिल्लीच्या लाल मंदिरातील पक्ष्यांच्या धर्मादाय रुग्णालयाने या पेचावर काढलेला तोडगा प्रसिद्ध आहे. शाकाहारी पक्ष्यांना तेथे दाखल करून घेतात. घार-ससाण्यांवर उपचार होतात, पण त्यांना मुक्कामास ठेवीत नाहीत. नियमही राहतो आणि उपचारही नाकारला जात नाही. काही घरांनी असाच मार्ग काढला आहे. स्वयंपाकघराबाहेर वेगळी बशी, तयार खाद्याचे बंद पाकीट, आणि त्याविषयी फार चर्चा नाही. जैन स्वयंपाकघराचा एक लाभ मात्र मांजराला अनायासे मिळतो. कांदा आणि लसूण मांजराच्या तांबड्या रक्तपेशींना घातक आहेत, आणि ते तेथे नसतातच. याउलट ताप आला म्हणून घरातील पॅरासिटामॉलची गोळी कुटून देणे हे मांजराच्या जिवावर बेतते; त्याच्या यकृतात ती पचविण्याची सोयच नाही.

कथाग्रंथांत जीवंधरकुमाराची कथा येते. मरणासन्न कुत्र्याच्या कानात त्याने णमोकार मंत्र म्हटला आणि तो जीव यक्षयोनीत गेला. कुमार पार्श्वनाथांनी जळत्या लाकडातील नागयुगुलाला दिलेली शांती तर लहान मुलांनाही ठाऊक असते. या दोन्ही कथांत प्राणी वाचत नाही. शेवटच्या क्षणी कोणीतरी त्याच्याजवळ असते. आजही आजारी गाय, कुत्रा, मांजर यांच्याजवळ बसून नवकार म्हणणारी वडीलधारी माणसे जैन घरांतून आहेत, आणि त्याच घरातील मुले दुसऱ्या खोलीत दूरध्वनीवर रक्ततपासणीचा अहवाल विचारीत असतात.

अशा घरात एक साधी वही ठेवलेली बरी, असे अनुभवी पशुवैद्य सांगतात. रोज एकाच वेळी वजन, पाणी किती प्याले, लघवी केव्हा झाली, आणि मांजर गाढ झोपलेले असताना एका मिनिटात छाती किती वेळा वरखाली होते. तिसाच्या आत असेल तर ठीक. सलग दोनदा त्यावर गेले तर सकाळची वाट न पाहता दवाखान्यास कळवायचे. किराणा दुकानाच्या हिशेबाची लाल वही त्या कामी चांगली पडते, कारण तिच्यात तारखेचा रकाना आधीच आखलेला असतो.